अधिकृत इमेज आणि अर्धी वाटी चहा

सोमवार, २२ जानेवारी २०२४. बिश्केक

काम मला मिळालं.

एवढंच लिहून थांबणार होते. पण का मिळालं आणि कशासाठी, हे आज लिहून ठेवलं नाही तर पुढे मी ते माझ्या सोयीने आठवेन.

'नोमोत' हा आमचा प्रोग्राम पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावतो. कोणत्या चारीला, किती वाजल्यापासून, किती तास. मुक्तस्रोत आहे, कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. सुरुवात तोलोन आगायनी केली. ते विद्यापीठात माझे शिक्षक होते, म्हणून आजही 'आगाय'. पगारी माणसं आम्ही दोघंच. बाकी ठिकठिकाणचे हौशी लोक हातभार लावतात. प्रोग्राम चांगला आहे, पण नव्या मशीनवर बसवणं म्हणजे छळ. म्हणून पाणीवापर संस्था तो बसवत नाहीत, तयार इमेज उतरवून घेतात. इमेज म्हणजे बांधलेलं गाठोडं: प्रोग्राम, त्याला लागणारं सगळं सामान, अगदी त्याच्या पायाखालची जमीनसुद्धा. मशीनवर सोडलं की चालू.

हे गाठोडं आम्ही स्वतः कधी बांधलंच नाही. कोणा 'काराकोझ'ने बांधून आमच्या नावाने इंटरनेटवरच्या जाहीर कोठारात ठेवलं आहे, आणि तलास नदीच्या दोन्ही अंगांना, आपल्याकडे आणि सीमेपलीकडे कझाकांकडे, तेच चालतं. आज मी ते उघडून पाहिलं. आकार जवळजवळ दोन जीबी. आत मजकूर लिहायचे तीन निरनिराळे प्रोग्राम, एक हवामानाचा प्रोग्राम, आणि बुद्धिबळ.

"पेरणीआधीचं पाणी एक मार्चला सोडतायत," आगाय म्हणाले. "दोन्ही देशांच्या संस्था पहिल्यांदाच मिळून. दोन्हीकडे एकच आवृत्ती पाहिजे आणि तिच्यावर आपली सही पाहिजे, नाहीतर आम्ही आपले कागदावर बरे, असं म्हणतायत. बेगायिम, सोळा वर्षं झाली मी त्यांना कागदावरून उठवतोय."

"मी करते. पण सही माझी असेल."

"चुकलं तर शिव्याही तुझ्याच असतील."

"चुकणार नाही."

आगाय हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

काल रात्री भूकंप झाला. अख्खी इमारत अंगणात उतरली. आईने पासपोर्ट आणि कर्णफुलं घेतली, मी लॅपटॉप. "नवरा असता तर त्याला वरच ठेवून आली असतीस," आई म्हणाली. शेजारणी हसल्या. थंडीत हसायला काहीतरी हवंच होतं.

काराकोझला पत्र लिहिलं. रशियनमध्ये, औपचारिक, पाच मुद्दे. आमचं नाव वापरणं बंद करावं, कोठारातलं खातं आमच्याकडे सोपवावं, ही विनंती. बुद्धिबळाचाही उल्लेख केला.

शुक्रवार, २६ जानेवारी

उत्तर आलं. कझाकमध्ये. सगळं उतरवून ठेवते:

"नमस्कार. तुमची इमेज कुठे आहे? मला दिसत नाही. दिसली की माझी काढते. तोवर लोकांनी पाणी काय तुमच्या पाच मुद्द्यांनी अडवायचं? बुद्धिबळ माझ्या सासऱ्यांसाठी आहे. ते संस्थेचे अध्यक्ष. हिवाळ्यात कचेरीत त्यांना दुसरं काम नसतं, आणि खेळ नसला की ते माझ्या कामात लक्ष घालतात. कुरलाय. ता. क. पत्र फार सुरेख लिहिलंयस, सिंगलिम. वकील आहेस का?"

'सिंगलिम' हे बाईच धाकट्या बहिणीला म्हणते. म्हणजे काराकोझ ही बाई आहे, लग्न झालेली आहे, आणि माझ्या आडनावावरून मी बाई आहे हे ओळखून, ती माझ्याहून मोठी आहे हेही तिने परस्पर ठरवून टाकलं आहे. तांत्रिकदृष्ट्या याने काहीच फरक पडत नाही.

'वकील नाही' एवढंच लिहिणार होते. चार ओळी झाल्या. किरगिझमध्ये लिहिल्या, तिला कळतं.

रविवार, २८ जानेवारी

आईबरोबर दोर्दोय बाजारात गेले. आजच्या गर्दीत तिला एकटीला जमत नाही. आठ तास लोखंडी कंटेनरच्या दारात उभं राहून बायकांचे कोट विकले. पाय गोठले.

"काय करतेस गं सध्या तू?" दुपारी सामसा, म्हणजे मांस भरलेली भाजकी करंजी, खाताना आईने विचारलं.

"कंटेनरसाठी इमेज बांधतेय."

आईचा घास हातातच राहिला. "वीस वर्षं मी या डब्यात उभी राहिले. का? तर पोरीने शिकावं, खुर्चीत बसावं. आणि पोरगी खुर्चीत बसून काय करते? तर कंटेनर!"

समोरच्या कंटेनरमधली बाई इतकी हसली की तिचं गिऱ्हाईक निघून गेलं.

मी समजावून सांगितलं. हे कंटेनर लोखंडाचे नसतात; इमेज जिथे उघडून चालते त्या मशीनमधल्या जागेला कंटेनर म्हणतात. अस्सल माल कोणता ते लोकांना कळावं म्हणून मी त्यावर आमचं अधिकृत लेबल लावणार आहे.

"लेबलं तर मी रोज लावते," आई म्हणाली. "गिऱ्हाईक लेबल बघत नाही. शिवण उसवली तर परत कुठे यायचं, ते बघतं. कुठली रांग, कितवा कंटेनर, आणि गेल्यावर ही बाई तिथे असते की नाही."

"हे वेगळं आहे."

"हो, तुमचं सगळं वेगळंच असतं. खा, गार होतंय."

मंगळवार, ३० जानेवारी

झालं. बांधली. ९४ एमबी.

मी दोनदा मोजलं. तिच्या इमेजच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान. आत जे लागतं तेच आहे. एक फाइल जास्त नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकही गोष्ट सैल सोडलेली नाही. सगळ्यात खालचा थर, म्हणजे ज्यावर बाकीचं उभं राहतं तो तयार पाया, आजच्या तारखेचा घेतला आणि त्याचा ठसा, म्हणजे त्या एकाच प्रतीची ओळखखूण, आकड्याअक्षरांनिशी बांधणीच्या कृतीत लिहून टाकला. आज बांधा, दहा वर्षांनी बांधा, एक बिट इकडचा तिकडे होणार नाही. काराकोझच्या कृतीत पायाच्या जागी 'जो ताजा असेल तो' असं लिहिलेलं आहे. दर आठवड्याला आपोआप नव्याने बांधली जाते, आणि त्या दिवशी आत काय आलं ते तिलासुद्धा माहीत नसतं. मी अशी झोपूच शकले नसते.

आगायना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, "पोरी, हे तर घड्याळ आहे!" मी आभार मानले. मग जिन्यात गेले आणि कोणी नाही असं पाहून दोन पायऱ्या एका उडीत उतरले. का, ते सांगता येणार नाही.

गुरुवार, १ फेब्रुवारी

कुरलायला चाचणीसाठी पाठवली. उत्तर लगेच: "सिंगलिम, तुझं घड्याळ आमच्याकडे उघडतच नाही."

कारण अर्ध्या तासात सापडलं. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर एका जातीचा, संस्थांची जुनी मशीनं दुसऱ्या जातीची. मी इमेज फक्त माझ्यासारख्यांसाठी बांधली होती. अगदी प्राथमिक चूक. तिला तसं स्पष्ट कळवलं.

"होतं असं," तिने लिहिलं. "मी पहिल्यांदा बांधली तेव्हा सासऱ्यांचे फोटो आत गेले होते. तीन संस्थांनी उतरवून घेतले. एका गावात अजून विचारतात, घोड्यावरचा तो देखणा म्हातारा कोण."

कचेरीत एकटीच होते. मोठ्याने हसले. आवाज विचित्र वाटला.

शनिवार, ३ फेब्रुवारी

आता दोन्ही जातींसाठी बांधली जाते. तिच्या मशीनवर चालली. तिने पडद्याचा फोटो पाठवला: पाळ्यांचा तक्ता, वर घड्याळ, आणि काचेत तिचं प्रतिबिंब, रुमाल बांधलेलं डोकं, हातात चमचा. फोटो जपून ठेवला आहे. चाचणीचा पुरावा म्हणून.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज दोन किरकोळ गोष्टी.

एक. चहाच्या वेळी आगाय बातमी वाचत होते. कझाक सरकार एक मार्चपासून अख्ख्या देशाला एकच वेळ लावणार. पूर्वेकडच्यांनी, कुरलायच्या तराझसकट, घड्याळं तासभर मागे घ्यायची. "म्हणजे नदी तीच, आणि एका काठावर सात वाजलेले, दुसऱ्या काठावर आठ!" आगायना फार मजा वाटली. मी म्हटलं, तो त्यांचा प्रश्न आहे. काठाकाठाची वेळ वेगळी झाली तरी नोमोत ती सांभाळतो. संस्थेने आपलं ठिकाण निवडलं की त्या ठिकाणची वेळ तो स्वतः लावतो.

दोन. कुरलायने विचारलं, "दर आठवड्याला नव्याने बांधणार ना?" मी लिहिलं, नाही. नवी आवृत्ती निघेल तेव्हाच. एकदा नीट बांधलेली वस्तू पुन्हा बांधण्यात अर्थ नसतो. पायाच्या थराचा ठसा का पक्का केला तेही सविस्तर समजावलं.

तिचं उत्तर एका ओळीचं: "अच्छा, म्हणजे वाटी काठोकाठ भरून देतेस."

भरलेली वाटी पाहुण्यापुढे ठेवायची म्हणजे 'पी आणि ऊठ'. चहा अर्धी वाटीच ओततात. संपली की पुन्हा अर्धी. हे आमच्याकडे चार वर्षांच्या मुलीलाही कळतं. तिला मी उद्धट वाटते, इतकाच अर्थ मला लागला. वाईट वाटण्याचं कारण नाही. पण मी तिच्याशी तसं वागले नव्हते, एवढं नोंदवून ठेवते.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

प्रसिद्ध झाली!

क्रमाने लिहिते. सकाळी कुरलायने खातं आमच्या हवाली केलं. नाव, परवलीचा शब्द, सगळं. एकही अट नाही. मी रीतसर पोच पाठवली. तिने विचारलं, "यावर शिक्का नाही का?" दुपारी मी माझ्या किल्लीने इमेजवर डिजिटल सही केली. मग कोठाराच्या पानावर नोमोतच्या नावापुढे 'अधिकृत' अशी छोटी निळी खूण उमटली, आणि खाली: प्रकाशक, बेगायिम असानोवा.

पहिला डाउनलोड नारीनहून. दुसरा ताजिकांकडून. पाचवा कुठला ते शोधावं लागलं: पेरू! पेरूमध्ये पाटाच्या पाण्यावरून भांडणारं कोण आहे? मला ते भेटायला हवे आहेत. आगाय सामशांची पिशवी घेऊन आले आणि आल्याआल्या म्हणाले, "आकडा सांग." मी सांगितला. ते एक सामसा संपवेपर्यंत तो बदलला. आम्ही संध्याकाळपर्यंत दुसरं काहीही केलं नाही. मी पान ताजं करायचे, ते ओरडायचे. खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य वर येऊन विचारून गेला की फुटबॉल कुणाचा चाललाय.

आईला फोन केला. "कितव्या रांगेत?" तिने विचारलं.

संध्याकाळी कुरलायच्या स्वतःच्या पानावर, जुन्या इमेजच्या जागी, पाटी लागली होती: "आता बेगायिमकडे जा. तिचा माल चांगला आहे." आठवड्याची बांधणीही तिने बंद केली आहे. म्हणजे आता पत्रव्यवहाराचं कारण उरलं नाही. हे योग्यच झालं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

नोंदवण्यासारखं काही नाही. टपाल काही वेळा पाहिलं, डाउनलोडच्या आकड्यांसाठी. (आकडे टपालात येत नाहीत.)

शनिवार, २४ फेब्रुवारी

कुरलायचं पत्र. पाणी सोडायच्या दिवशी संस्थेच्या लोकांना इमेज बांधणारी प्रत्यक्ष पाहायची आहे. "आदल्या दिवशी ये आणि आमच्याकडेच उतर. सासरे म्हणतात, मला बुद्धिबळातून उठवणारी पोरगी बघू दे." मी कळवलं की तराझमध्ये हॉटेल घेईन. तिचं उत्तर: "घे. आणि रिकामं ठेव."

नवे बूट घेतले. जुनेही ठीक होते.

गुरुवार, २९ फेब्रुवारी. तराझजवळ, कुरलायच्या घरी

आगायना किरगिझ काठ सांभाळायला पाठवलं आणि मी कोर्दायच्या सीमानाक्यावरून एकटी आले. शेअर टॅक्सीत शेजारी एक आजी होती. "आज झोपताना घड्याळ मागे घ्यायचं," ती सगळ्या वाटभर सांगत होती. "सरकारने सूर्याला एक तास मागे ढकललाय. माझ्या गाईला कोण सांगणार?"

कुरलाय मला वाटली होती त्याहून उंच आहे, आवाज त्याहून मोठा. फाटकातच तिने मला मिठी मारली. मी हात पुढे केला होता. तो दोघींच्या मध्ये अडकला.

"हीच?" दुलात आगांनी विचारलं. हेच तिचे सासरे, संस्थेचे अध्यक्ष, आणि घोड्यावरचे देखणे म्हातारे. "ही तर एवढीशी आहे."

"हिची इमेजही एवढीशीच आहे," कुरलाय म्हणाली. "म्हणून तुमचं बुद्धिबळ मावलं नाही."

जेवण झालं. मग चहा. सून म्हणून ओतायचं काम कुरलायचं. किती वाट्या झाल्या कोण जाणे; प्रत्येक अर्धी, प्रत्येक गरम. मी पितेय, ती माझ्याकडे न बघता हात पुढे करतेय, वाटी जातेय, येतेय. बोलणं पाण्याचं, शाळेचं, तिच्या मुलाच्या सर्दीचं. मी इतका वेळ इतक्या लोकांत कधी बसले होते ते आठवत नाही.

उद्या सकाळी आठला पाणी. मुख्य चारीच्या दाराला यंदा मोटर बसवली आहे. नोमोतचा हुकूम आला की दार आपोआप उघडतं. आठला सगळं गाव काठावर जमणार.

शुक्रवार, १ मार्च

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी माझ्या मनगटावरच्या घड्याळात आठला पाच कमी होते आणि घरातलं कोणी हललेलं नव्हतं. कुरलाय निवांत बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळत होती. मी कोट घालून दारात उभी.

"एजे, उशीर होतोय." (एजे म्हणजे थोरली बहीण; नकळत तोंडून गेलं.)

"बस गं. सातसुद्धा वाजले नाहीत."

तेव्हा आठवलं. माझं घड्याळ बिश्केकचं. इथे काल रात्रीपासून सगळं तासभर मागे. ओशाळून बसले. तिने वाटी पुढे केली. ती ओठाला लावते तोच तिचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की मलाही ऐकू आलं: "पाणी आलं! रस्त्यावर पाणी आलं!"

कुरलायने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या घड्याळाकडे. आठ नुकतेच वाजून गेले होते.

त्या क्षणी मला सगळं कळलं. प्रत्येक देशाची वेळ किती, याचा तक्ता इमेजच्या सगळ्यात खालच्या थरात असतो. जानेवारीच्या अखेरीस मी तो थर ठसा मारून पक्का केला. कझाकांच्या नव्या वेळेचा तक्ता फेब्रुवारीत आला. तो माझ्या इमेजमध्ये कधीच पोचला नाही, कारण मी दारच बंद करून घेतलं होतं. माझ्या इमेजच्या लेखी या गावात अजून कालचीच वेळ होती. तिने माझ्या घड्याळाबरोबर दार उघडलं. आणि फेब्रुवारीत दोघींनी केलेल्या सगळ्या चाचण्या बरोबर आल्या होत्या, कारण तेव्हा ती वेळ खरीच होती. कुरलायची ती अजागळ, बुद्धिबळवाली इमेज दर आठवड्याला बांधली जात राहिली असती तर आज दार आठलाच उघडलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी शेताऐवजी रस्त्यावरून चाललं होतं. वळवायला काठावर कोणीच नव्हतं. सगळे आपापल्या घड्याळाप्रमाणे घरी चहा पीत होते. कुरलायने दार हाताने बंद केलं. अध्यक्षांची गाडी चाकाच्या आसापर्यंत चिखलात. ती ढकलणारी माणसं हसत होती, पण ज्याची पहिली पाळी होती तो शेतकरी हसत नव्हता. "माझा चहा झाला," तो म्हणाला, "पाणी मात्र रस्ता प्यायला."

मग कोणीतरी म्हणालं, "कागदच बरा होता." आणखी दोघांनी मान डोलावली.

कुरलाय माझ्या आधी बोलायला पुढे झाली. "मोटर नवी आहे, कधीकधी..."

"मोटर ठीक आहे," मी म्हटलं. "चूक इमेजमध्ये आहे. इमेज मी बांधली. सही माझी आहे."

मी सांगितलं की काय चुकलं, कसं चुकलं, आणि दुरुस्तीला मला एक टेबल आणि फोनचं इंटरनेट लागेल.

"किती वेळ?" दुलात आगा. बुटांतून पाणी ठिबकत होतं.

"चहा होईपर्यंत."

कचेरीतल्या बुद्धिबळाच्या टेबलावर बसले. पाठीमागे पंधरा माणसं उभी. पायाच्या थराचा ठसा खोडला. त्या जागी 'जो ताजा असेल तो' लिहिलं. हे शब्द लिहिताना मला तिच्याकडे बघावंसं वाटलं नाही आणि तरी बघितलं. ती चहा ओतत होती. खाली आणखी एक ओळ घातली: दर सोमवारी, काही बदललेलं असो वा नसो, तपासून पुन्हा बांधावी. बांधायला सोडली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. मागे कोणीतरी म्हणालं, "पाण्यासारख्याच पळतायत की." कोणीतरी माझ्या हातात बोरसोक दिला.

बांधून झाली. सही केली. तक्त्यावरचं घड्याळ क्षणभर मिटलं आणि भिंतीवरच्या घड्याळाइतकंच उगवलं. सगळ्यांच्या माना एकदा भिंतीकडे, एकदा पडद्याकडे. मग जो गलका झाला तो मला शब्दांत मांडता येणार नाही. माझ्या छातीत काहीतरी वर उडी मारून आलं. तेही नाही मांडता येणार.

मग मी कोठाराच्या पानावर सूचना लिहिली, सगळ्या जगाला दिसेल अशी: आधीची इमेज वापरू नका, कझाकस्तानात एक तास चुकते, कारण अमुक, चूक प्रकाशकाची. आगायना फोन केला. ते म्हणाले, "आमच्या काठावर बरोबर आठला आलं. सूचना वाचली. मी असतो तर शेवटचे दोन शब्द गाळले असते."

"मी गाळणार नाही."

"म्हणून तर काम तुला दिलं."

निर्णय मात्र व्हायचा होता. दुलात आगांनी बूट काढून शेगडीपाशी ठेवले आणि सगळ्यांकडे पाहिलं. "कागदाला मी जन्मभर शिव्या दिल्या," ते म्हणाले. "एकदाही कागद म्हणाला नाही की चूक माझी. सुनेची इमेज चुकली की शिव्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न; घरात राहायचंय मला. आता बरं झालं. ही पोरगी बिश्केकला असते, नाव लिहिलेलं आहे, फोन उचलते. अधिकृत म्हणजे हेच ना?"

"हेच," मी म्हटलं. आईचा कंटेनर डोळ्यांपुढे आला. तिला हे सांगायचं की नाही ते नंतर ठरवेन.

"मग राहू दे. वाया गेलेलं पाणी याच्या पाळीत वाढवा. आणि बुद्धिबळ परत घाला."

"बुद्धिबळ अधिकृत इमेजमध्ये येणार नाही, आगा."

"बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "सुनेहून कडक आहे."

आठला, खऱ्या आठला, पाणी आलं. पहिल्यांदा फेस, काटक्या, एक प्लॅस्टिकची बाटली, मग नुसतं पाणी. चारी भरत गेली आणि माणसं फावडी घेऊन तिच्याबरोबर धावली. मीही धावले. नवे बूट गेले.

सोमवार, ४ मार्च. बिश्केक

काल निघताना कुरलायला विचारलं की इमेजवर दुसरी सही तिची चालेल का. एकाच माणसाच्या किल्लीवर अवलंबून राहणं धोक्याचं असतं, वगैरे कारणं दिली. कारणं खरी आहेत. तिने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "हो म्हणते, पण पाच मुद्दे पुन्हा सांग." आजपासून प्रकाशकांत दोन नावं आहेत.

आणखी एक छोटी इमेज वेगळ्या नावाने टाकली. आत फक्त बुद्धिबळ. अधिकृत नाही. आतापर्यंत डाउनलोड एक.

दुपारी आठवड्याची पहिली बांधणी आपोआप झाली. मी पडद्यासमोर बसून होते. बसायची गरज नव्हती. हिरवी खूण. जुनी आणि नवी शेजारी ठेवून तपासली: बांधणीची तारीख सोडली तर काहीच बदललेलं नाही. तरी कोठारात गेली, तरी दोघींच्या सह्या पडल्या.

लगेच कुरलायचा निरोप आला. "नवी आलेली दिसतेय. काय बदललं?"

"काही नाही."

"मग पुन्हा कशाला ओतलीस?"

मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं आणि पाठवलं.

"तू अजून उठली नाहीस म्हणून, एजे."